तांत्रिक विषयांची टिपणे कोणत्या भाषेत काढावीत?

आपल्या बडोद्यातील बहुतेक मराठी मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात आणि घरी मराठी बोलतात. तांत्रिक विषयांची टिपणे मग कोणत्या भाषेत काढायची? आम्हाला वाटते, संज्ञा आणि व्याख्या पुस्तकातल्याच ठेवाव्यात, परीक्षेत त्याच लागतात. ‘असे का होते’ हे मात्र मराठीत लिहावे.

कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी प्रचलित केलेली पद्धत यासाठी सोयीची आहे. पानाच्या डावीकडे रुंद समास सोडावा. उजवीकडे वर्गातली सूत्रे, आकृत्या, उदाहरणे लिहावीत. घरी आल्यावर समासात प्रश्न आणि तळाशी दोन ओळींचा सारांश लिहावा. नंतर उजवी बाजू झाकून उत्तरे द्यावीत.

समजा, उजवीकडे लिहिले आहे : वॅट = व्होल्ट × अँपिअर; २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. समासात प्रश्न येईल : ‘गिझर ६ अँपिअरच्या प्लगला का लावू नये?’ याचे उत्तर आजीला पटेल असे मराठीत सांगता आले, तर विषय समजला. अडखळल्यास तेवढाच भाग पुन्हा वाचावा.

महाराजा सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, इथे कलाभवन सुरू झाले. तंत्रशिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. आपली मराठी केवळ सणावारापुरती उरू नये असे वाटत असेल, तर मुलांच्या वहीतला तो समास तिच्यासाठी राखून ठेवू या.