दगड वाचणाऱ्या मॅडमबरोबर एक दिवस

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की हल्ली पहिलं कारण असतं बोअर. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून बोअर मारला. 300 फूट खाली गेले, वर आली नुसती धूळ. हप्ते अजून चालूच आहेत. म्हणून या वेळी आम्ही आधी भूवैज्ञानिक मॅडमना बोलावलं आणि दिवसभर त्यांच्यामागे फिरलो.

सामान एवढंच: हातोडी, भिंग, होकायंत्र, मोजटेप आणि वही.

सकाळी त्या शेतात न जाता आधी ओढ्यात उतरल्या. का? तर पाण्याने माती धुऊन नेल्यामुळे तिथे खडकाचे थर उघडे दिसतात. मी एक मोठा धोंडा दाखवला, तर म्हणाल्या, "सुटा धोंडा साक्षीला चालत नाही. तो वरून गडगडत आलेला असू शकतो. जमिनीत रुतलेला कातळच खरं सांगतो."

आपल्या राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थंड झाला. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकले. आंबोळीला जाळी पडते ना, तशीच ती भोकं. काहींत पांढऱ्या गारा भरलेल्या असतात. हा मांजऱ्या खडक लवकर झिजतो, मग त्यात पाणी मुरतं. खालचा कातळ घट्ट असतो. त्याला भेगा असतील तरच पाणी, नाहीतर धूळ. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो, त्यातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही.

दुपारी आम्ही नऊ विहिरी पाहिल्या. कडेचे थर, पाण्याची पातळी, शिवाय कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, हे सगळं मॅडमनी लिहून घेतलं. शेवटचं उत्तर आम्हा बायकांनाच तोंडपाठ होतं!

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "इथे आणखी खोल जाण्यात अर्थ दिसत नाही. मांजऱ्या खडक वरच्या माळावर उघडा आहे. तिथे चर खणा, पाणी मुरवा. तुमच्या विहिरी त्याच थरात आहेत."

पाणी लागेलच अशी हमी त्यांनीही दिली नाही. पण अंदाज कशावरून बांधला, ते दाखवलं. नारळ फिरवणाऱ्याने ते कधी दाखवलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, बोअरसाठी कर्ज मंजूर करण्याआधी शेजारच्या विहिरींची खोली आणि मे महिन्यातलं पाणी वहीत लिहा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, तिथे ती वही घेऊन जा. आमच्या गटाने आता ठरावच केला आहे: आधी दगड बघायचा, मग सही करायची.