नव्वदीतले स्नायूही ऐकतात

खानदेशात पुरणाचे मांडे करणाऱ्या बाईचे हात एकदा जवळून बघावेत. सैल मळलेली कणीक ती परातीत आपटून आपटून अशी करते की कितीही ताणली तरी तुटू नये. पुरण भरलेला उंडा मग दोन्ही हातांवर झुलायला लागतो. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत पोळी पसरते आणि पालथ्या खापरावर जाऊन पडते. साठी ओलांडलेल्या बायका लग्नाकार्यात हे तासन्‌तास करतात आणि वर गप्पाही मारतात.

अशा हातांत वैद्यकशास्त्राला अलीकडे फार रस वाटू लागला आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पकड त्यात मोजली होती. साधन अगदी साधं: हातात एक दांडी द्यायची, जोरानं दाबायला सांगायचं, किती किलोचा जोर लागला तो आकडा टिपायचा. पुढच्या काही वर्षांत कोण जगलं आणि कोण गेलं याचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पकड ५ किलोनं कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही हा अंदाज पक्का निघाला! अर्थात चेंडू दाबत बसलं म्हणून आयुष्य वाढत नाही. पकडीवरून सगळ्या अंगातल्या ताकदीचा सुगावा लागतो, एवढंच. आशियाई तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा पुरुषांसाठी २८ किलो आणि बायकांसाठी १८ किलो आहे. त्याच्या खाली पकड गेली तर ताकद कमी समजायची.

ताकद जाते कुठे? तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आतला प्रकार रावेर-यावलच्या केळीवाल्याला चटकन कळेल. शेतातल्या एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, दहा-बारा मोटारी असतात. डीपी जळाला की सगळ्या बंद. त्यातल्या काही शेजारच्या डीपीवर जोडून घेतात, उरलेल्या पडून राहतात आणि गंजतात. मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी अशीच शेकडो स्नायूतंतूंना हुकूम देत असते. म्हातारपणी यातल्या काही पेशी मरतात. शेजारची पेशी जमतील तेवढे तंतू आपल्याकडे जोडून घेते. बाकीचे झडून जातात. त्यातही झटक्यानं काम करणारे तंतू आधी जातात. न्हाणीत पाय सटकला तर क्षणात तोल सावरणारे तेच. म्हणून सत्तरीतला माणूस चार किलोमीटर चालून येतो आणि घरात ओल्या फरशीवर पडतो.

आता खरी नवलाची गोष्ट. १९९० साली बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेत डॉ. मारिया फियाटारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना चक्क वजनं उचलायला लावली. नाजूक हातवारे करून घेतले नाहीत. ज्याला एका वेळी जेवढं जास्तीत जास्त पेलेल त्याच्या ८० टक्के वजन, पायांनी, आठवड्यातून तीन दिवस. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी सोडली. मांडीच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र वाढलं अवघं ९ टक्के.

९ टक्के मांस आणि १७४ टक्के ताकद, हे गणित कसं जमतं? सुरुवातीच्या आठवड्यांत वाढतो तो मुख्यतः हुकूम. मेंदू आणि मज्जारज्जू एकाच वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला शिकतात. तंतू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. तंतूंना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. स्नायूवर ताण पडला की त्या जाग्या होतात आणि दुरुस्तीला लागतात. वयानं त्यांची संख्या घटते, पण नव्वदीतही त्या संपलेल्या नसतात.

त्याच फियाटारोन यांनी १९९४ मध्ये सरासरी ८७ वर्षांच्या १०० जणांवर पुन्हा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. ज्यांना नुसतं पौष्टिक पेय दिलं, त्यांना काही फरक पडला नाही. शक्तिवर्धक पावडरचे डबे घरी आणून ठेवणाऱ्या मुलांनी हे दोनदा वाचावं.

आपल्याला तर याची जास्तच गरज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं २००४ मधलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२! आपण बारीक दिसतो, पण आत मांस कमी आणि चरबी जास्त. जेवणानंतर रक्तातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढून घेतो. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला याहून स्वस्त मदत मिळायची नाही.

पूर्वी विहिरीवर पाणी शेंदताना, जातं ओढताना, केळीचे घड खांद्यावर वाहताना हा व्यायाम आपोआप होत असे. (त्यानं पाठी मोडल्या, हेही खरं, ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल?) ती कामं गेली, आणि उरलीसुरली आपण मायेनं काढून घेतली. ‘आई, तुम्ही बसा.’ ‘आबा, राहू द्या, मी उचलतो.’ एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ १ किलो मांस गेलं. साध्या तापानंतर आपल्याकडे याहून जास्त आराम करवतात.

मेहरूण तलावाच्या किंवा पांझरा नदीच्या काठानं रोज फिरणाऱ्यांनी फिरणं सोडू नये. हृदयाला ते हवंच. पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा सांगते. त्याला जिम लागत नाही. मे महिन्यात जळगाव पंचेचाळिशी गाठतं तेव्हाही घरात करता येईल असं पुष्कळ आहे: खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पायरी चढणं-उतरणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. जडच गेलं नाही तर स्नायूला बदलायचं कारण मिळत नाही. श्वास कोंडायचा नाही, आणि जमू लागलं की थोडं वजन वाढवायचं. गुडघे झिजलेत म्हणून उठबस बंद करणाऱ्यांचं चुकतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघेदुखी बहुधा कमी होते. हृदयविकार, आवाक्याबाहेरचा रक्तदाब किंवा डोळ्याचं नुकतं झालेलं ऑपरेशन असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असू द्या. ज्वारीत लायसिन कमी, उडदात भरपूर. दोन्ही मिळून प्रथिनं पुरी पडतात. ठेचा बेतानं.

घरातल्या ज्येष्ठांना आजच एका खुर्चीवर बसवा, हात छातीवर घ्यायला सांगा आणि घड्याळ लावून पाच वेळा उठायला-बसायला लावा. स्वतः शेजारी उभे राहा. १२ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी झाली आहे असं समजा, आणि व्यायाम याच आठवड्यात सुरू करा.