चिंचोके, जुडगे आणि बाजाराचा हिशेब

लातूर म्हटलं की बारावीचा पॅटर्न आठवतो. नांदेड म्हटलं की नीटच्या शिकवण्या. पण गावोगावच्या मुलांचं गणित सुरू होतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिलीच्या सतरंजीवर. तिथे चिंचोक्यांचे ढीग असतात, रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे जुडगे असतात. शासनाच्या गणितपेटीतून दशकाचे दांडे, सुटे ठोकळे, मण्यांची माळ आणि खेळातल्या नोटा निघतात. साहित्य कमी पडलं तर शेतातल्या तुराट्याही चालतात.

याला कुणी खेळ म्हणून बाजूला सारू नये. बाईंनी ‘पंचेचाळीस’ म्हटलं की कानावर आधी पाच पडतात आणि मूल सरळ ५४ लिहून मोकळं होतं. तेच मूल चार जुडगे आणि पाच सुट्या काड्या मांडतं तेव्हा कुणाची जागा कुठे, हे त्याला आपोआप दिसतं. पुढे ३२ मधून १५ वजा करायचे असतात. सुट्या काड्या दोनच, काढायच्या पाच. मूल घुटमळतं, मग एका जुडग्याचं रबर काढतं. आता सुट्या बारा झाल्या. त्यातल्या पाच आणि एक जुडगा बाजूला ठेवला की उरतो एक जुडगा आणि सात काड्या. हातच्याची वजाबाकी म्हणजे एवढंच. ज्याने ते रबर स्वतः काढलं, त्याला पुढे नियम घोकावा लागत नाही.

या भागात हाताला आणखी एक काम आहे. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, देवणी-निलंग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी, किनवटकडे गोंडी आणि कोलामी. मराठी शब्द अजून ओठांवर रुळलेला नसला तरी काड्या मोजता येतात. वस्तू आधी कळते, शब्द मागून येतो. शिवाय एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसत असतील, तर गुरुजी तिसरीला शिकवताना पहिलीचं पोर साहित्य घेऊन आपापलं गुंतून राहतं.

हाताने शिकण्याचा हा विचार जुना आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीम या हस्तकामातून शिकवण्याच्या पद्धतीची मांडणी झाली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन जन्माने हैदराबादचे, आणि नांदेड-लातूरचा मुलूख तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. इथली बहुतेक मुलं मातृभाषेतल्या शाळेलाच पारखी असताना हाताने शिकणं दूरची गोष्ट होती. पुढे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासनाचा कार्यक्रम आला, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि वर्गातल्या फरश्यांवर अंकांच्या चौकटी रंगल्या.

या शिक्षणाची खरी परीक्षा बाल आनंद मेळाव्यात होते. शाळेच्या पटांगणात मुलं दुकानं मांडतात: सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ), भजी, बोरं, घरची मेथी, कोथिंबीर. गिऱ्हाईक पस्तीस रुपयांचा माल घेऊन पन्नासची नोट पुढे करतं. चौथीतली पोरगी वजाबाकी मांडत बसत नाही. पाच रुपयांचं नाणं ठेवते, “चाळीस”. दहाची नोट ठेवते, “पन्नास”. बाजार असाच हिशेब करतो. संध्याकाळी गल्ला मोजला की चुरमुरे, तेल, शेंगदाण्यांचा खर्च वजा करायचा. उरला तो नफा, आणि माल शिल्लक राहिला तर तोटाही समजतो.

मात्र दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. दुकानावर आईच बसली आणि मूल फोटोपुरतं उभं राहिलं, तर मेळावा फक्त खाऊचा होतो. आणि हरवेल या भीतीने गणितपेटी कपाटात कुलूपबंद राहिली, तर ती आली काय आणि न आली काय, सारखंच. मणी हरवणार, ठोकळे तुटणार. तो खर्च शिकण्याचाच आहे आणि शाळेला तो दरवर्षी मिळायला हवा.

पॅटर्नचा अभिमान आपल्या भागाने कष्टाने मिळवला आहे. पण बारावीच्या गुणांची जेवढी चौकशी होते, तेवढीच पहिलीच्या पेटीचीही व्हायला हवी. तपासणीला आलेल्या साहेबांनी नवीकोरी पेटी दिसली तर जाब विचारावा, झिजलेली दिसली तर शाबासकी द्यावी.