धंद्यासाठी डेटाबेस: प्रश्न आधी, नाव शेवटी

समजा, चेंबूर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात औषधांचा स्टॉकिस्ट आहे. पुढे बिलिंगचे दोन काउंटर, आत खरेदीच्या नोंदींसाठी एक कॉम्प्युटर. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर कॅम्प इथल्या केमिस्टांच्या ऑर्डरी दिवसभर येत असतात. जुनं सॉफ्टवेअर आता पुरत नाही. एक सॉफ्टवेअरवाला ओरॅकलचं नाव घेतो, दुसरा एसक्यूएल सर्व्हरचं, तिसरा मायएसक्यूएल फुकट आहे म्हणून सांगतो, आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा पोस्टग्रेसवर ठाम आहे. नुसत्या नावांवरून हा निर्णय होत नाही. डेटाबेसच्या आत काय घडतं ते एकदा समजलं, की कुणाला काय विचारायचं हेही कळतं.

तक्ते आणि त्यांची नाती

या सगळ्या डेटाबेसचं मूळ एकच आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते समान क्रमांकांनी एकमेकांशी जोडावेत, अशी त्यातली मांडणी होती. आपल्या स्टॉकिस्टकडे औषधांचा एक तक्ता असेल, बॅचचा दुसरा, पार्ट्यांचा तिसरा, बिलांचा चौथा आणि बिलातल्या ओळींचा पाचवा. बॅचच्या तक्त्यात औषधाचं नाव पुन्हा लिहायचं नाही, फक्त त्याचा क्रमांक. नावात दुरुस्ती निघाली तर ती एकाच जागी होते.

तक्ते नीट पाडणं किती महत्त्वाचं आहे, ते जीएसटीवरून दिसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराचा दर फक्त औषधाच्या ओळीत असेल आणि जुनी बिलंही तिथूनच दर उचलत असतील, तर ऑगस्टचं बिल पुन्हा छापल्यावर त्यावर ५ टक्के येतील. म्हणून दरांचा वेगळा तक्ता हवा, त्यात ‘कधीपासून लागू’ हा रकाना हवा, आणि विक्रीच्या दिवशी लावलेला दर बिलाच्या ओळीत कायमचा नोंदलेला हवा. ही मांडणी करणाऱ्या माणसाची जबाबदारी आहे. तिथली चूक कितीही महागडा डेटाबेस आपणहून सुधारत नाही.

दोन काउंटर, एक बॅच

एका बॅचच्या १० स्ट्रिप उरल्या आहेत. दोन्ही काउंटरवर एकाच वेळी ८-८ स्ट्रिपची ऑर्डर आली. प्रोग्रॅमने आधी ‘शिल्लक किती?’ असं विचारलं, तर दोघांनाही उत्तर मिळतं १०. मग दोघंही २ लिहितात. विक्री झाली १६ स्ट्रिपची आणि शिल्लक दिसते २.

हे टाळायचं तर विचारणं आणि वजा करणं एकाच आज्ञेत यायला हवं: या बॅचची शिल्लक ८ किंवा अधिक असेल तरच ती ८ ने कमी कर. पहिल्या काउंटरची आज्ञा आली की डेटाबेस ती ओळ कुलूपबंद करतो आणि दुसरी आज्ञा थांबते. पहिलीचं काम पक्कं झालं की दुसरी पुढे सरकते, तेव्हा शिल्लक २ असते. अट पूर्ण होत नाही, एकही ओळ बदलत नाही, आणि प्रोग्रॅम ‘माल नाही’ असं सांगू शकतो.

डेटाबेसांमधला फरक दिसतो तो वाचणाऱ्याच्या बाबतीत. बिलिंग चालू असताना मालकाने महिन्याचा रिपोर्ट काढला, तर ओरॅकल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल बदलाआधीची प्रत दाखवतात, त्यामुळे सहसा कुणी कुणासाठी थांबत नाही. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यामागे थांबवतो, आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यामागे. हे टाळायला ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ ही सोय मुद्दाम चालू करावी लागते. ‘रिपोर्ट काढला की काउंटर अडकतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

लाइट गेली तर

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकलही थांबल्या. अशा क्षणी एखादं बिल अर्धवट असेल तर? बिलात तीन कामं असतात: बिलाची नोंद, स्टॉकमधली घट, पार्टीच्या नावे उधारी. तिन्ही झाली पाहिजेत, नाहीतर एकही नको. या तिन्हींच्या गाठोड्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात.

डेटाबेस हे कसं साधतो, ते जुन्या पेढीवरच्या माणसाला चटकन कळेल. आधी रोजकीर्द, मग खतावणी. प्रत्येक बदल प्रथम एका लॉग फाइलमध्ये लिहून डिस्कवर पक्का होतो, मगच ‘बिल झालं’ असा निरोप मिळतो. खरे तक्ते सवडीने बदलतात. वीज परत आली की डेटाबेस लॉग वाचतो, पूर्ण झालेली गाठोडी तक्त्यांत चढवतो आणि अर्धवट राहिलेली रद्द करतो.

इथे जुन्या मायएसक्यूएलबाबत सावध राहायला हवं. २०१० मधली ५.५ आवृत्ती येईपर्यंत त्यात ‘मायआयसॅम’ हा प्रकार आपोआप निवडला जाई आणि त्यात ट्रान्झॅक्शनची सोयच नव्हती. आज ‘इनोडीबी’ असतो. जुनं सॉफ्टवेअर घेताना तक्ते कुठल्या प्रकारचे आहेत ते विचारून घ्यावं.

आता डेटाबेस, एकेक करून

*एसक्यूलाइट* हा फुकट आहे आणि प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. सगळा डेटा एका फाइलमध्ये, वेगळा सर्व्हर नाही. एका वेळी लिहिणारा मात्र एकच. एकाच कॉम्प्युटरवरच्या दुकानाला तो उत्तम. शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तीन कॉम्प्युटरवरून वापरू नये, फाइल बिघडण्याचा धोका असतो. नेमके दशांश ठेवणारा प्रकार त्यात नाही, म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

*मायएसक्यूएल आणि मारियाडीबी* ही भावंडं. मायएसक्यूएल ओरॅकलकडे जाणार असं दिसल्यावर त्याच्या मूळ कर्त्याने, मायकेल विडेनियस यांनी, २००९ मध्ये मारियाडीबी वेगळा काढला. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्त प्रणाली मारियाडीबीवर चालते. जाणकार माणसं सहज मिळतात. ‘शिल्लक शून्याखाली जाऊ नये’ असा नियम तक्त्यावरच लिहिता येतो, पण मायएसक्यूएल तो २०१९ मधल्या ८.०.१६ आवृत्तीपासून पाळतो. त्याआधीच्या आवृत्त्या नियम लिहून घेत आणि गुपचूप सोडून देत.

*पोस्टग्रेस* बर्कली विद्यापीठातल्या मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून आला. लायसन्सचा खर्च शून्य, नियमांना कडक. तक्त्यांची रचना बदलतानाही ट्रान्झॅक्शन चालतं, म्हणजे अपग्रेड मध्येच फसलं तर सगळं पूर्ववत होतं. ओळींच्या जुन्या प्रती साफ करणारं ‘व्हॅक्यूम’ हे काम आपोआप चालतं, ते कुणी बंद करू नये.

*एसक्यूएल सर्व्हर* मायक्रोसॉफ्टचा. विंडोज आणि एक्सेलमध्ये रमणाऱ्या ऑफिसला सोयीचा, हाताळायची साधनं छान. फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस प्रकारात, २०२२ च्या आवृत्तीत, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. ठरल्या वेळी बॅकअप घेणारा एजंट त्यात नाही, ते काम विंडोजच्या शेड्युलरवर सोपवावं लागतं. मराठी नावं ठेवायची तर रकाना ‘एनव्हारकॅर’ हवा, नाहीतर सहसा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

*ओरॅकल* १९७९ पासून बाजारात आहे. मोठा पसारा, शेकडो वापरकर्ते, क्षणभरही बंद न पडण्याची गरज, अशा ठिकाणी त्याची ताकद कळते. लायसन्सखेरीज दरवर्षी त्याच्या किमतीच्या २२ टक्के सपोर्टसाठी द्यावे लागतात आणि सांभाळायला खास माणूस लागतो.

मग घ्यायचं काय?

आपल्या स्टॉकिस्टचे तीन कॉम्प्युटर आहेत, म्हणून एसक्यूलाइट बाद. ओरॅकलचा खर्च या धंद्याला पेलण्याजोगा नाही आणि गरजेचाही नाही. उरलेल्यांपैकी कुठलाही हे काम चोख करील. तयार सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर ते ज्यावर बेतलेलं आहे तोच घ्यावा. नव्याने बनवून घ्यायचं असेल तर मी पोस्टग्रेस म्हणेन, कारण चुकीची नोंद तो दारातच अडवतो.

सॉफ्टवेअरवाल्याला मात्र हे विचाराच: डेटाबेसची कुठली आवृत्ती? मुख्य पासवर्ड कुणाकडे? उद्या तुम्ही धंदा बंद केलात तर आमचा डेटा आम्हाला कुठल्या स्वरूपात मिळेल? धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. मुख्य पासवर्ड हाती असलेला माणूस ही नोंद टाळून थेट तक्त्यात हात घालू शकतो, म्हणून तो पासवर्ड मालकाच्या ताब्यात हवा.

बॅकअप रोज घ्या आणि त्याची एक प्रत गाळ्याबाहेर ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवशी कॉम्प्युटर आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क एकाच पाण्यात जातात. दर महिन्याला तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून कालचं शेवटचं बिल उघडून पाहा. ते बिल दिसेपर्यंत आपल्याकडे बॅकअप आहे असं समजू नका, मग डेटाबेस कुठलाही असो.