वेतनश्रेणीबाहेरचा माणूस

केंद्र सरकारने २०२५ च्या जानेवारीत आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाची कार्यकक्षा निश्चित करून अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून घरोघर गणिताला बहर आला आहे. मीरा रोडच्या पूर्वेकडील बेव्हर्ली पार्कसारख्या मध्यमवर्गीय वस्तीत तर तो विशेष जाणवतो. चर्चगेटच्या गाडीला लटकून मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारा कारकून, शाळामास्तर, बँकेतील अधिकारी आणि निवृत्तीनंतर संध्याकाळी बाकावर विसावणारा पेन्शनर अशी सारी मंडळी येथे एकाच जिन्याने चढतात व उतरतात. मूळ वेतनाला कोणत्या आकड्याने गुणावयाचे, थकबाकी कोणत्या तारखेपासून मिळावयाची, घरभाडे भत्त्याचे काय होणार, यापलीकडे सध्या या मंडळींच्या संभाषणाची धाव जात नाही.

या गणिताचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. पगारावर जगणाऱ्या माणसाला पगाराची चिंता असावी यात गैर ते काय? शिवाय आज जी वेतनश्रेणी आपण गृहीत धरतो ती कोणी उदार होऊन दिलेली नाही. वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली सर्वांत खालच्या सरकारी नोकराचे किमान वेतन महागाई भत्त्यासह ५५ रुपये ठरविले होते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने कामगाराच्या कुटुंबात तीन माणसांचे खाणे धरून, त्यांना लागणारे अन्न, वस्त्र व निवारा यांच्या हिशेबाने किमान वेतन ठरवावे असे तत्त्व सांगितले. ते तत्त्व पदरात पडावे आणि महागाई भत्त्याची सांगड निर्देशांकाशी घातली जावी म्हणून केंद्रीय कर्मचाऱ्यांनी १९६० च्या जुलैत संप केला. तो पाच दिवसांत मोडला. परंतु मागणी मेली नाही. सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन सुचविले ते याच १९५७ च्या सूत्राचा आधार घेऊन. पोटाचे गणित सरकारी आकड्यांत उतरावयास इतकी वर्षे लागली!

आपल्या राज्याची कथाही निराळी नाही. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७७ च्या डिसेंबरात सुरू केलेला संप ५४ दिवस चालला. पुढे केंद्रापाठोपाठ राज्याने समिती नेमावी आणि काही वर्षांच्या विलंबाने लाभ द्यावा, असा प्रघातच पडून गेला. सातव्या आयोगाचा लाभ १ जानेवारी २०१६ पासून देय ठरला. महाराष्ट्रातील कर्मचाऱ्याच्या हातात तो प्रत्यक्ष पडावयास २०१९ साल उजाडले. तरीही केंद्राच्या तळच्या शिपायाचे मूळ वेतन १८,००० रुपयांपासून आणि राज्याच्या शिपायाचे १५,००० रुपयांपासून सुरू होते. दोघेही एकाच बाजारात तांदूळ घेतात, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तर एका तारखेने माणसामाणसांत भिंत उभी केली. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यास जुने निवृत्तिवेतन नाही. त्याच्या पगारातून १० टक्के कापावयाचे, सरकारने त्यात आपली भर घालावयाची आणि वार्धक्यात काय मिळेल ते बाजाराच्या चढउतारावर सोडावयाचे, अशी ही व्यवस्था. आदल्या दिवशी रुजू झालेला आणि त्या दिवशी रुजू झालेला असे दोन कारकून एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून तीच फाईल हाताळतात. एकाचे म्हातारपण सुरक्षित; दुसऱ्याचे अधांतरी. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे असा निर्वाळा दिला, त्याच देशातील ही गोष्ट. ज्या घटनापीठाने तो निर्णय दिला त्याचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे महाराष्ट्राचेच सुपुत्र होते, याचे स्मरण या ठिकाणी व्हावे. २०२३ च्या मार्चमध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यातील लाखो कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नावर संप केला. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. तीत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. राज्य मंत्रिमंडळानेही ती लागलीच स्वीकारली. भिंत पडली नाही. तिला एक खिडकी मात्र पडली.

येथवर वाचकांपैकी बहुतेकांची आमच्याशी सहमती असेल, कारण येथवरचे गाऱ्हाणे त्यांचे स्वतःचे आहे. आता आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो माणूस त्यांच्या गणितात नाही. तो त्यांच्या दारात मात्र रोज येतो.

बेव्हर्ली पार्कला अजून पुरती जाग आलेली नसते तेव्हा त्याच्या झाडूचा आवाज सुरू झालेला असतो. काही ग्रामपंचायती एकत्र होऊन १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती ८ लक्षांवर गेली होती. एवढ्या वस्तीचा कचरा रोज उचलणे हे काम हंगामी आहे, असे कोण म्हणेल? तरीही येथील, आणि येथीलच का, राज्यातील अनेक शहरांतील सफाईचे काम प्रामुख्याने कंत्राटदारामार्फत चालते. हा झाडणारा माणूस नगराची सेवा करतो. पण तो नगराचा सेवक नाही. त्याला वेतनश्रेणी नाही, वार्षिक वेतनवाढ नाही आणि सातवा आयोग काय की आठवा, त्याला दोन्ही सारखेच. कंत्राटाची मुदत सरली की त्याच्या सेवेची वर्षे पाटीवरील अक्षरांप्रमाणे पुसली जातात.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण यात कोणा एका अधिकाऱ्याची दुष्ट बुद्धी नाही. नगरसंस्थांचा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत राहावा, असा शासनाचा दंडक आहे. दंडक शहाणपणाचा आहे. सारे उत्पन्न पगारातच गेले तर रस्ते कशातून करावयाचे? परंतु कायम नोकराचा पगार आस्थापनेत मोजला जातो आणि कंत्राटदाराचे बिल सेवाखर्चात पडते. मग पद रिक्त ठेवणे व काम कंत्राटाने देणे हाच हिशेब सोपा ठरतो. प्रत्येक वेतन आयोगाने कायम नोकर अधिक महाग होतो आणि प्रत्येक वेळी कायम पद भरण्याचा उत्साह कमी होतो. ज्या आयोगाने तळच्या माणसाला वर उचलावे, त्याच्याच धक्क्याने तो यादीबाहेर ढकलला जावा, हा खेदजनक विपर्यास आहे.

हा रोग सफाईपुरता मर्यादित नाही. आम्ही काही काळ मास्तरकी केली आहे. २००० साली राज्यात शिक्षणसेवक नावाची नवी जात निर्माण झाली. तोच वर्ग, तोच फळा, तीच परीक्षा. पण पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन. प्राथमिक शाळेतील हे मानधन १६,००० रुपये व्हावयास २०२३ साल यावे लागले. ‘मानधन’ या शब्दात मान किती आणि धन किती, हे त्या तरुण शिक्षकांनाच विचारावे.

कायदा या माणसाच्या बाजूस नाही असे मुळीच नाही. कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते देण्याचा भार मूळ मालकावर पडतो, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने प्रस्थापित केले. तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या सरकारी नोकरासही समान वेतन मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली जगजित सिंग खटल्यात सांगितले. २०१७ साली मुंबईच्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय त्याच न्यायालयात टिकला. परंतु त्यासाठी त्यांच्या संघटनेस वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. जो न्याय वकील लावूनच मिळतो तो पहाटे पाचला झाडू हाती घेणाऱ्याच्या वाट्यास कितीसा येणार?

सरकारची तिजोरी अथांग नाही, हे आम्ही जाणतो. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांनी राज्याच्या महसुलाचा फार मोठा हिस्सा गिळला जातो. सबब सर्वांना एका दिवसात कायम करा, असा सवंग सल्ला आम्ही देणार नाही. परंतु तीन गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. नगरसंस्थेने कंत्राटी मजुरीवरील खर्च आस्थापना खर्चाशेजारीच अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवावा, म्हणजे काटकसरीचा आभास दूर होईल. कंत्राटी कामगाराचे वेतन बँकेत व भविष्य निर्वाह निधी त्याच्या खात्यात जमा झाल्याची खातरजमा झाल्यावाचून कंत्राटदाराचे बिल चुकते करू नये. आणि जे काम वर्षाचे ३६५ दिवस चालते त्याची पदे टप्प्याटप्प्याने भरावी व भरताना त्याच कामावर झिजलेल्या माणसांचा हक्क प्रथम मानावा.

नोकरवर्गाच्या संघटनांनाही आम्हांस एक गोष्ट सांगावयाची आहे. २०२३ च्या संपात लोकांची पुरेशी सहानुभूती आपणांस लाभली नाही, असे त्यांतील अनेकांस वाटले. त्याचे एक कारण असे की, श्रेणीबाहेरच्या माणसाला आपल्या मागणीत जागा देण्यास त्या उशीर करीत आल्या. आपल्यामागे कोणीच उरला नाही तर आपली श्रेणीही फार दिवस टिकणार नाही, एवढे तरी त्यांनी ओळखावे.

आयोगाचा अहवाल यथावकाश येईल. बेव्हर्ली पार्कमधील आमचे वाचक तेव्हा पहिल्या पानावर आपला आकडा शोधतील, आणि तो त्यांनी अवश्य शोधावा. मात्र तो सापडल्यावर वर्तमानपत्र लगेच मिटू नये. पहाटे आपले अंगण झाडून गेलेल्या माणसाचा आकडा त्यात कोठे आहे, हेही त्यांनी पाहावे; आणि तो दिसला नाही तर आपल्या नगरसेवकाला त्याचे कारण विचारावे.