ताकदीसाठी आठवड्यातले दोन दिवस

गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात काम करणारा माणूस दिवसाचे नऊ-दहा तास पायांवर उभा असतो. गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडायचे, घड्या घालायच्या, पुन्हा रचायचे. रात्री शटर खाली ओढेपर्यंत पिंढऱ्या भरून येतात. त्याच्या बायकोचा दिवस त्याच्याही आधी सुरू झालेला असतो आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा अभ्यासिकेत उशिरापर्यंत खुर्चीला चिकटलेला असतो. या तिघांना व्यायामाबद्दल विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात. ‘दिवसभर उभाच तर असतो.’ ‘घरचं काम काय कमी आहे?’ ‘एकदा परीक्षा होऊ द्या, मग बघू.’

तिघांचाही थकवा खरा आहे. पण थकवा येणे आणि ताकद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडला, तरच स्नायू बळकट होतो. वर्षानुवर्षे तेवढीच बादली उचलली किंवा तेवढाच वेळ उभे राहिले, तर शरीर त्याला सरावते आणि तिथेच थांबते. नुसते उभे राहण्याने पायांना सूज येईल, मांड्यांना जोर येणार नाही.

स्नायू कमी, चरबी जास्त

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. घरात ती ओळखायला तपासणी लागत नाही. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागणे, जिना चढताना कठडा धरणे, बरणीचे झाकण न उघडणे, ही तिची पहिली लक्षणे. पुढची पायरी म्हणजे न्हाणीघरात पाय घसरून मोडलेले खुब्याचे हाड.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वजनकाटा जे सांगत नाही ते या एका छायाचित्राने सांगितले. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर आत ओढून घेतो. हे कोठारच लहान झाले, तर साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून ताकदीचा व्यायाम हा फक्त पैलवानांचा विषय उरलेला नाही.

वेळ नेमका किती लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करावा आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ असतात, पण हा दुसरा भाग बहुतेकांच्या गावीही नसतो.

दोन दिवस, दर वेळी २५ ते ३० मिनिटे. म्हणजे आठवड्याचा एक तास. यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या बैठका, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर, सामान भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढून घेणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि टाचा वर करणे, एवढे पाच प्रकार पुरतात. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, मध्ये थोडी विश्रांती, असे दोन फेरे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटले पाहिजे. बारा वेळा सहज जमू लागले की पिशवीत एक किलो वाढवायचा किंवा बैठक आणखी खाली घ्यायची.

पहिल्या काही आठवड्यांत दंड फुगलेले दिसत नाहीत म्हणून अनेक जण सोडून देतात. खरे तर या काळात मेंदू आणि मज्जातंतू आहे त्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असतात. जिना सोपा वाटू लागतो, तो त्यामुळेच.

परीक्षा आली तर?

अभ्यास, लग्नसराई, दिवाळीचा सीझन, कोणाचे तरी आजारपण. व्यायाम तुटतो तो इथे. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. त्यानंतर ३२ आठवडे काहींचा व्यायाम एक तृतीयांश, तर काहींचा एक नवमांश करण्यात आला. तरुणांनी तेवढ्यावरही कमावलेली ताकद आणि स्नायू राखले. साठीपुढच्यांची ताकद बरीच टिकली, पण स्नायूंचा आकार राखायला तेवढा व्यायाम पुरला नाही.

याचा अर्थ सोपा आहे. परीक्षेच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा वीस मिनिटे दिली, तरी विद्यार्थ्याची कमाई बुडत नाही. वय वाढलेल्यांनी मात्र दोन दिवस सोडू नयेत. आणि विद्यार्थ्यांनी हा वेळ झोपेतून काढू नये. वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत, आणि स्नायूंची डागडुजीही त्याच वेळी होते. सात तास झोप हा अभ्यासक्रमाचाच भाग समजावा.

महाराष्ट्राला याचे उदाहरण बाहेर शोधायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना कुस्ती करत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. हेलसिंकीच्या खर्चासाठी त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. खाशाबांची जिद्द सगळ्यांना माहीत असते. त्या जिद्दीमागे दुसऱ्या कोणीतरी स्वतःचा भार टाकला होता, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरातला वेळ कोणाचा?

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ‘बाईला व्यायामाची आवड नाही’ असे म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाळी बंद झाल्यानंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणजे भाराच्या व्यायामाची गरज तिला नवऱ्यापेक्षा जास्तच असते.

यावर सल्ल्याने भागत नाही, वाटणी करावी लागते. मंगळवार आणि शुक्रवार तिचे, सोमवार आणि गुरुवार त्याचे. ज्याचा वार असेल त्याला अर्धा तास कोणी हाक मारायची नाही. तेवढा वेळ चहा, दूध, मुलांचा डबा दुसऱ्याने पाहायचा. सुपारी हनुमानाच्या दर्शनाचा शनिवार जसा सहसा चुकत नाही, तसा व्यायामाचाही वार ठरलेला असावा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटले की तो मिळत नाही.

ताटात काय हवे

भारतीय शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठले, दही, दूध, फुटाणे, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, यांतून ती मिळतात. फक्त भाकरी आणि पातळ आमटीवर भागवले तर कमी पडतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. महागड्या डब्याची बहुतेकांना गरज नसते. ‘लवकर बॉडी बनवणारी’ इंजेक्शने तर कोणीच घेऊ नयेत. त्यातील स्टिरॉइड्समुळे शुक्राणू घटतात आणि यकृत व हृदयाला इजा होते.

सांभाळून करा

छातीत दुखणे, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर महिलांनीही सल्ल्यानेच सुरुवात करावी. भार उचलताना श्वास कोंडू नये. उचलताना सोडावा, खाली आणताना घ्यावा. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि साखर-गूळ जवळ ठेवावा.

तरुणांसाठी एक इशारा. पहिल्याच दिवशी पैजेवर शेकडो बैठका मारू नयेत. स्नायू फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात अडकू शकतात. व्यायामानंतर अंग प्रचंड दुखत असेल आणि लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर घरी शेक घेत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

आता वय झाले, असे वाटणाऱ्यांसाठी शेवटचा दाखला. १९९० मध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधील वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षे वयाच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा भाराचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे घडू शकते, तर पन्नाशीतल्या दुकानदाराने आणि त्याच्या बायकोने या आठवड्यात आपापले दोन वार ठरवायला हरकत नाही.