वाघिणीसाठी मोर्चे, कोलामाच्या पोडासाठी कोण?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या जंगलात टी-१ ही वाघीण गोळी घालून ठार करण्यात आली. त्यानंतर देशाने दोन दृश्ये पाहिली. राळेगाव-पांढरकवडा भागातील गावांत लोकांनी फटाके फोडले, मिठाई वाटली. मुंबई-पुण्यात मात्र याच वाघिणीला ‘अवनी’ असे गोंडस नाव देऊन निदर्शने झाली. केंद्रातील मंत्री मेनका गांधी यांनी राज्याच्या वनमंत्र्यांवर उघड तोफ डागली. वाहिन्यांना चर्चेला विषय मिळाला. फटाके फोडणारे गावकरी क्रूर ठरले आणि ते का आनंदले, हा प्रश्न बाजूला राहिला.

आम्ही वाघाचे वैरी नाही. करुणा शिकवणाऱ्या तथागताचे आम्ही अनुयायी आहोत. वाघीण मारताना नियम धाब्यावर बसवले गेले, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकानेही नोंदवले. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण जून २०१६ पासून दोन वर्षांत ज्या १३ माणसांचे बळी या वाघिणीच्या नावावर मांडले गेले, त्यांच्यासाठी किती शहरांत मोर्चे निघाले? एकट्या ऑगस्ट २०१८ मध्ये तिघे मेले, तेव्हा ही करुणा कोठे झोपली होती?

मेलेली माणसे शिकारीला गेली नव्हती. कोणी कपाशीच्या शेतात होते, कोणी गुरे राखत होते. या पट्ट्यात कोलाम, गोंड, परधान आणि इतर कष्टकरी जाती राहतात. त्यांच्या घरची चूल सरपणावर पेटते आणि त्यांच्या शेताचा बांध जंगलाला लागून असतो. रानात गेले तर वाघ, न गेले तर उपासमार. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही याच कष्टकरी वर्गातले. अशा माणसांचा संयम सुटला आणि वनखात्याचे कर्मचारी गावकऱ्यांच्या रोषाचे धनी झाले, यात नवल ते काय?

वाघीण शोधण्यासाठी सरकारने काय केले नाही? हत्ती आणले, ड्रोन उडवले, पॅराग्लायडर आणला, विदेशी जातीची कुत्री आणली, हैदराबादहून नेमबाज बोलावला. त्या मोहिमेतील एक हत्ती सुटला आणि त्याने एका गरीब महिलेलाच चिरडून मारले! मोहीम बरोबर की चूक, हा प्रश्न वेगळा. आमचा प्रश्न एवढाच की, एका वाघिणीसाठी ज्या शासनाला एवढी यंत्रणा उभी करता येते, त्याला कोलामाच्या पोडावर बारमाही रस्ता आणि पिण्याचे पाणी का नेता येत नाही?

कोलामांची वस्ती म्हणजे पोड. गावापासून दूर, डोंगराच्या कुशीत बसलेली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना केंद्र सरकारने ‘विशेष असुरक्षित’ मानले आहे. त्यांची उपेक्षा अपघाताने झालेली नाही, ती कागदोपत्री झालेली आहे. स्वातंत्र्यानंतरच्या अनुसूचित जमातींच्या आदेशात विदर्भातील कोलाम आदिवासी ठरला तो फक्त ठराविक तालुक्यांत. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ हेच ते तालुके होते. म्हणजे केळापूरचा कोलाम आदिवासी, आणि दारव्हा-पुसदकडे राहणारा त्याचाच सोयरा आदिवासी नाही! ही क्षेत्रबंधनाची बेडी १९७६ च्या कायद्याने तुटली. तोवर एका पिढीची शाळा, शिष्यवृत्ती आणि नोकरी बुडाली होती. त्याची भरपाई कोणी दिली?

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. कोलामांसारख्या जमातींना त्यांच्या संपूर्ण अधिवासावर हक्क सांगण्याची तरतूदही त्यात आहे. पण कायदा मुंबई-दिल्लीत होतो आणि दावा तपासतो तो तालुक्याचा साहेब. पट्टा हाती नाही तोवर बापजाद्यांपासून कसलेली जमीन ‘अतिक्रमण’ आणि कसणारा ‘चोर’! १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने देशातील अशा ७५ जमातींसाठी सुमारे २४ हजार कोटींचे अभियान जाहीर केले. पक्के घर, रस्ता, पाणी, वीज, दवाखाना अशी त्याची यादी आहे. स्वातंत्र्याच्या ७६ वर्षांनंतर ही यादी करावी लागते, हीच शासनाच्या अपयशाची पावती नव्हे काय?

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात हाच सवाल हिंदू समाजाला केला होता. आपल्या शेजारी लाखो आदिवासी रानावनात खितपत पडले असताना या संस्कृतीला त्याची लाज का वाटली नाही, असे त्यांनी विचारले. जात राखायची म्हणून त्यांना जवळ घेतले नाही, हे त्याचे कारणही त्यांनीच सांगितले. आज वाघिणीसाठी रडणारा आणि वाघाने मारलेल्या गुराख्याचे नावही न विचारणारा समाज त्याच जातीय मनाचा वारस आहे.

२०२३ मध्ये राज्याने वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूची मदत २५ लाखांवर नेली. मदत वाढली ते बरेच झाले. पण मेल्यावर २५ लाख आणि जिवंतपणी पट्टाही नाही, हा कसला न्याय? आमच्या मागण्या साध्या आहेत. वनहक्काचे प्रलंबित दावे मुदत ठरवून निकाली काढा. सरपणासाठी रानात जावे लागू नये म्हणून प्रत्येक पोडावर गॅस द्या आणि तो भरायला परवडेल अशी सोय करा. जंगलालगतच्या शेतांना कुंपण आणि दिवसा वीज द्या. वाघाचा वावर दिसताच पहिल्या बळीची वाट न पाहता पोडाला सावध करा. आणि पोडाचा निर्णय पोडाच्या ग्रामसभेत घ्या.

बांधवांनो, हा प्रश्न फक्त आदिवासींचा नाही. ज्या संविधानाने आपल्याला माणूस म्हणून उभे केले, त्याच संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासींना शब्द दिला आहे. तो शब्द पाळला जातो की नाही, यावर लक्ष ठेवणे हे आंबेडकरी चळवळीचे कर्तव्य आहे. तेव्हा वनहक्काच्या दाव्याचे कागद भरून द्यायला आपल्या शिकलेल्या तरुणांनी पोडावर गेले पाहिजे. संताप आज जंगलाच्या काठावर धुमसतो आहे, त्याला संघटनेची वाट दाखवू या!